निळं पयलं जातंय

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका गल्लीत, जिन्याखालच्या जागेत, मोबाईल दुरुस्तीचं एक दुकान आहे. गेल्या महिन्यात अण्णांचा फोन घेऊन मी तिथं गेले. तक्रार अण्णांची नव्हतीच, माझी होती. पडद्यावर काहीही पांढरं उघडलं की मधोमध पिवळट आकडे उमटायचे: डावीकडं एक शून्य, मग तीन आठ, आणि त्यांच्या मध्ये एकावर एक दोन ठिपके. आकडे पुसट, ठिपके मात्र ठसठशीत. दुकानातल्या मुलानं फोन हातात घेतला, पांढरं पान उघडलं आणि पडदा तिरका धरून बघितला. “रातभर घड्याळ लावून ठेवताय व्हय?” मी हो म्हटलं. “निळ्या आकड्यांचं?” त्यालाही हो म्हटलं. “मग जाणारच की. निळं पयलं जातंय बघा, मॅडम. तांबडं, हिरवं ऱ्हातंय.” मग त्यानं फोन सोल्डरिंगच्या मायक्रोस्कोपखाली सरकवला आणि मला बघायला बोलावलं. अंगणात रांगोळीचे ठिपके काढावेत तसे रंगांचे ठिपके ओळीनं मांडलेले होते. हिरवे बारके आणि पुष्कळ, लाल जरा मोठे, निळे सगळ्यांत मोठे. “कंपनीनं निळ्याला जागा जादा दिलीया, त्येच्यावर ताण कमी पडाय पायजे म्हणून. तरीबी मरतंय पयलं तेच.”

नवा डिस्प्ले केवढ्याला पडेल ते त्यानं सांगितलं. घरी विचारून येते म्हणून मी फोन घेऊन बाहेर पडले. कोपऱ्यावर उसाच्या रसाच्या गाड्याचे घुंगरू वाजत होते आणि माझ्या डोक्यात त्याचं ते एक वाक्य.

निळ्याच्या या मरण्यावर मी साडेपाच वर्षं काम केलंय, हे मी त्याला सांगितलं नाही.

सांगावंसं वाटलं नाही असं नाही. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हीच गोष्ट अकरा पानांत आहे, आकृत्यांसकट, आणि त्यानं ती तोंडात स्क्रू धरून चार शब्दांत सांगितली. त्याच्याकडं रोज असले फोन येत असणार. कुठल्या जागची झीज कशानं होते ते त्याला बघून बघून कळलंय. थोडं टोचलं हे खरं. पण त्याहून जास्त, खूप दिवसांनी आपल्या गावची भाषा बोलणारं कुणीतरी परक्या स्टेशनवर भेटावं तसं वाटलं. कॉलेजात मी आता बी.एस्सी.ला शिकवते. निळ्याविषयी माझ्याशी कुणी बोलून चार-पाच वर्षं झाली होती.

अण्णांना निळाच का लागतो, याचं उत्तर उद्यमनगरात आहे. ते फाउंड्रीत होते, भट्टीवर. ओतायच्या वेळी बिडाचा रस १,४०० अंशांच्या आसपास असतो. त्याचा नारिंगी-पिवळा झोत रोज डोळ्यांसमोर. भट्टीत डोकावायला त्यांच्याकडं एक निळी काच होती, कडेला सुतळी गुंडाळलेली. लहानपणी ती खिशातून काढून मी डोळ्याला लावायची आणि सगळी मंगळवार पेठ निळी करून टाकायची. दुसरी पाळी संपवून ते बाराच्या पुढं घरी यायचे. अंगाला जळक्या वाळूचा वास असायचा. आम्हाला जाग येऊ नये म्हणून आई मोठा दिवा लावायची नाही. भिंतीवरच्या निळ्या झिरोच्या बल्बच्या उजेडात ते जेवायचे. दिवसभर तांबडं-पिवळं बघून डोळे भाजतात, निळं गार वाटतं, हे त्यांचं तेव्हापासूनचं म्हणणं. तो बल्ब पुढं मिळेनासा झाला आणि त्याची जागा फोनमधल्या घड्याळानं घेतली. रात्रभर आकडे बदलत राहतात, एकमेकांवर चढले की शेवटी त्यांचा आठ होतो. तासांच्या दशकाच्या घरात रात्री शून्य आणि एकच येतात, म्हणून तिथं शून्यच उरलं. मधले दोन ठिपके तेवढे तीन वर्षं जागचे हलले नाहीत.

त्या झिरोच्या बल्बविषयी मला पुढं फार वाईट वाटलं होतं. आतली तार २,००० अंशांच्या वर तापायची, तरी तिच्या उजेडात निळ्याचा वाटा अगदीच थोडा. काचेवरचा रंग बाकीचा सगळा उजेड अडवायचा आणि तेवढा निळा बाहेर सोडायचा. म्हणजे तांदळाच्या पोत्यातून मूठभर कणी ठेवायची आणि बाकीचं पोतं उकिरड्यावर. तापवून निळा काढणं हे असंच उधळमाधळीचं काम. मी पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा अण्णांनी विचारलं होतं, “उजेड पाडायचा म्हंजे कायतरी तापाय पायजे की. न तापता कसा पडंल?” मी म्हटलं, काजवा. ते हसले आणि गप्प बसले. आजोळ आमचं राधानगरीकडचं. वळवाचा एखादा सडाका होऊन गेला की मे महिन्याच्या शेवटी तिथं झाडंच्या झाडं लुकलुकतात, एका तालात, जणू सगळं झाड मिळून श्वास घेतंय. हाताच्या ओंजळीत धरलेला काजवा गार असतो. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचा रेणू असतो, कार्बनचाच, आपल्या रक्तामांसासारखा. शंभर रेणूंतले साधारण ४१ उजेड देतात. फार वर्षं ८८ म्हणून शिकवलं जायचं, २००८ साली नीट मोजलं तेव्हा आकडा उतरला. उतरला तरी माझ्या मनातून काजवा उतरला नाही. पण एक फरक आहे आणि तो मला तेव्हा अण्णांना सांगता आला नाही. काजव्याचा रेणू एकदाच उजळतो. उजळला की संपला. काजवा नवा घडवतो. फोनच्या पडद्यातले ते रंगीत ठिपकेही असल्याच कार्बनी रेणूंचे, पण तिथल्या रेणूला बदली कामगार नाही. तोच पेटणार, तोच विझणार, परत तोच पेटणार, कोट्यवधी वेळा.

विजेवर कार्बनी पदार्थ उजळवायची धडपड तशी जुनी. १९६३ मध्ये न्यूयॉर्कला मार्टिन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकातून निळा उजेड काढला होता, पण त्याला सुमारे ४०० व्होल्ट लागले. मग १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ थर एकावर एक चढवले आणि दहा व्होल्टांच्या आत हिरवा उजेड पाडला. त्यातला उजळणारा थर कशाचा होता हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचनालयातल्या खुर्चीवरून उठून उभीच राहिले. ॲल्युमिनियम आणि ऑक्झाइन! बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ॲल्युमिनियमचं प्रमाण काढायला आम्ही ऑक्झाइनच घालत होतो. पिवळा साका खाली बसायचा. तो गाळायचा, भट्टीत वाळवायचा, वजन करायचं, वहीत उत्तर लिहायचं आणि साका बेसिनमध्ये. वर्षानुवर्षं, कितीतरी बॅचेस. त्या साक्यावर अतिनील दिवा धरून बघ म्हणून आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. आता माझ्या विद्यार्थ्यांना वजन झाल्यावर मी तो दिव्याखाली धरायला लावते. पोपटी-हिरवा उजळतो. परीक्षेत त्याला गुण नाहीत, पण त्या दहा मिनिटांत वर्गात जी शांतता पसरते ती वर्षात दुसऱ्या कधी पसरत नाही.

पण साका दिव्याखाली उजळणं वेगळं आणि विजेवर उजळणं वेगळं. विजेवर रेणूच्या एका बाजूनं इलेक्ट्रॉन येतो, दुसऱ्या बाजूनं इलेक्ट्रॉनची रिकामी जागा येते, दोघं एका रेणूवर भेटतात आणि रेणू चेतवला जातो. या भेटी चार झाल्या तर त्यांतली एकच उजेड देणारी असते. बाकीच्या तिघींत इलेक्ट्रॉनचे फिरकीचे मेळ असे बसलेले असतात की त्यांना खाली उतरायची वाट बंद. त्या आतल्या आत ऊब होऊन विरतात. चार पणत्यांत तेल घालायचं आणि एकच पेटायची. १९९८-९९ च्या सुमारास मार्क थॉम्पसन आणि स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटांनी रेणूच्या मधोमध प्लॅटिनम आणि इरिडियमसारखा जड धातू बसवून त्या तिन्ही पणत्या पेटवल्या. धातू मोलाचा आणि जगात फार थोडा. लाल-हिरव्याला तो नीट लागू पडला, निळ्याला टिकेना. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा, २०१२ च्या डिसेंबरात, क्युशू विद्यापीठातल्या चिहाया अदाची यांच्या गटाचा लेख आला. धातू नाहीच, नुसता कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन. रेणूचा इलेक्ट्रॉन देणारा भाग आणि घेणारा भाग एकमेकांपासून असे पिळून ठेवलेले, की अडकलेल्या तिघी आणि पेटणारी एक यांच्यातली पायरी अगदी ठेंगणी होते. ती चढायला खोलीतली ऊब पुरते. आपण बसलोय त्याच हवेतली, फुकटची ऊब. मी ते वाचलं आणि ठरवलं की आपण हेच करायचं, निळ्यात.

पुढची वर्षं मला आठवतात ती कॉलमच्या वासानं. हेक्झेन, इथाइल ॲसिटेट, ओल्या सिलिकाचा मातकट वास. कॉलम म्हणजे मिश्रणातला आपला रेणू वेगळा काढायची काचेची उंच नळी. तिच्यात सिलिका भरायची, वर आपलं मिश्रण सोडायचं आणि थेंब थेंब खाली येऊ द्यायचं. नऊ वाजले की बाकीचे घरी जायचे. मी दिवे घालवून हातातला अतिनील दिवा नळीवर धरायची. वर मातकट पट्टे, आणि त्यांच्या खाली एक निळा पट्टा, बोटभर रुंद, कृष्णपक्षातल्या पहाटेच्या आभाळासारखा, हळूहळू उतरणारा. तो पट्टा परीक्षानळीत पडेपर्यंत मी श्वासही जपून घ्यायची. मग द्रावक उडवायचा, पांढरी पूड उरायची, आणि त्या पुडीवर दिवा धरला की उजेड अर्धासुद्धा नाही. द्रावणात मोकळे होते तोवर रेणू झळकत होते. एकमेकांना चिकटून बसले की त्यांचा उजेड शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाटला जाऊन विझायचा. नवरात्रात महाद्वार रोडवर गर्दीत हात वर काढता येत नाही, तसं. यावर उपाय म्हणजे रेणूला आडव्या-तिडव्या फांद्या लावायच्या, म्हणजे कुणी कुणाला खेटून बसू शकत नाही. असे सव्वीस रेणू मी घडवले. तेविसावा पूड झाल्यावरही उजळत राहिला. त्या रात्री मी कुणालाच फोन केला नाही. ती छोटी बाटली दिव्याखाली धरून बसून राहिले.

त्याचं उपकरण करायला लागणारी निर्वात यंत्रणा आमच्याकडं नव्हती. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत वेळ मिळाला, तो नेमका जुलैमध्ये. पाऊस असा की रस्ते दिसत नव्हते. आईनं दोन डबे पुढ्यात ठेवले. “एकात भाकरी-झुणका घालतो, दुसऱ्यात तुजी औषधाची बाटली ठेव,” म्हणाली. आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल घालतो, करतो असंच बोलतात; परगावच्या मैत्रिणींना त्याचं नवल वाटायचं. बाटलीत २०० मिलिग्रॅम, शुद्ध करून घेतलेले. चांदीच्या कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये ठेवलेले, कारण या रेणूंचा पहिला वैरी पाणी आणि दुसरा प्राणवायू. रात्रभर बसमध्ये मी तो डबा मांडीवर घेऊन जागी होते. तिथं काचेवर एकावर एक थर चढवले. सगळे मिळून केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाहूनही पातळ. तिसऱ्या दिवशी, नायट्रोजन भरलेल्या पेटीच्या रबरी हातमोज्यांत हात घालून, मी वीज जोडली. राईच्या दाण्याएवढा चौकोन निळा पेटला. माझ्या हातांनी घडवलेला, कधीच कुणी न पाहिलेला निळा. डोळ्यांत पाणी आलं तर ते पुसायला हात बाहेर काढावे लागले असते, म्हणून तसाच बघत राहिले. सातव्या मिनिटाला त्याचं तेज निम्म्यावर आलं. विसाव्याला यंत्र आकडे दाखवत होतं, पण डोळ्याला काही दिसत नव्हतं.

सात मिनिटं.

का, ते मला माहीत होतं, आणि माहीत असण्यानं काही हलकं झालं नाही. लाल उजेडाच्या एका कणाला साधारण २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, निळ्याला पावणेतीन. कार्बन आणि नायट्रोजनला जोडणारा साधा बंध तुटायला तीनच्या जरा वर पुरतात. म्हणजे निळा रेणू चेतवला गेला की दर वेळी स्वतःच्या तुटण्याच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहतो. त्यातून दोन चेतवलेले रेणू शेजारी आले आणि एकानं आपलं सगळं दुसऱ्याच्या पदरात टाकलं तर बेरीज पाचाच्या पुढं जाते आणि मग कुठलाच बंध तग धरत नाही. जितका वेळ रेणू चेतवलेला थांबेल तितका हा धोका मोठा. आणि अदाचींच्या वाटेनं जायचं तर अडकलेल्यांना पायरी चढायला थांबावं लागतंच. जो गुण म्हणून मी निवडला होता, त्याच्यातच मरण होतं. आजही असल्या पडद्याच्या बहुतेक फोनांत निळा जुन्या पद्धतीचा असतो, मुख्यतः चारांतल्या एकीवर भागवणारा, कारण तो जास्त टिकतो. काम थांबलेलं नाही. २०१६ मध्ये जपानमध्येच ताकुजी हाताकेयामा यांनी बोरॉन आणि नायट्रोजन एकाच ताठ सांगाड्यात समोरासमोर बसवून फार शुद्ध निळा काढला. साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन लावला तर बंध कमी थरथरतो आणि निळा जास्त दिवस जगतो, तेही आता कारखान्यांपर्यंत पोचलंय. मी हे सगळं अजून वाचते. रात्री, घरचं आवरल्यावर.

त्या जुलैनंतरच्या नोव्हेंबरात आजीला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला घेऊन गेले होते, मावळतीची किरणं थेट देवीपर्यंत पोचतात तो बघायला. तिला गर्दीत धरून उभी होते. मावळतीची किरणं महाद्वारातून आत आली, गरुड मंडप ओलांडला, कासव चौक, पितळी उंबरा. सगळं देऊळ श्वास रोखून होतं. “चांदीच्या उंबऱ्यापर्यंत आली, चांदीच्या उंबऱ्यापर्यंत आली,” पुढून मागं कुजबुज सरकत होती. आणि तिथंच किरणं फिकी पडत गेली. कधी ढग, कधी हवेतली धूळ, कधी वाटेत वाढलेलं एखादं बांधकाम. आजी म्हणाली, “सूर्य कुठं कमी पडलाय? वाटंत अडतंय.” मला एकदम माझ्या त्या थर चढवलेल्या काचेची आठवण झाली. पडद्याच्या आत रेणूनं उजेड दिला तरी साध्या उपकरणात त्यातला पाचवा हिस्साच डोळ्यापर्यंत पोचतो. बाकीचा थरांच्या आणि काचेच्या आत उलटसुलट आपटत कडेनं निसटतो किंवा विरतो. रेणू लांबट, सपाट घडवले आणि ते थरात आडवे निजले तर जास्त उजेड समोर येतो. म्हणजे रेणू कसा चमकतो याबरोबर तो कसा झोपतो हेही बघायला लागतं. हे मी आजीला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी किरणं आली आणि ती रडली. माझ्या तेविसाव्याला दुसरा दिवस मिळाला नाही. संस्थेतली वेळ संपली होती, माझी शिष्यवृत्तीही.

दुकानातून घरी आले तेव्हा अण्णा कट्ट्यावर बसले होते. डिस्प्लेची किंमत ऐकून म्हणाले, “कशाला? टायम दिसतोय की.” मी फोन घेतला, घड्याळाचे आकडे लाल करून दिले आणि लालानं पडदा जास्त दिवस टिकेल म्हणून समजावलं. त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही.

रात्री पाणी प्यायला उठले तर त्यांच्या दाराच्या फटीतून निळा उजेड येत होता. आत गेले. आई भिंतीकडं तोंड करून झोपलेली, अण्णा उताणे, एक हात कपाळावर, भट्टीवरून आल्यावर निजायचे तसेच. आकडे परत निळे केलेले. पण ते दोन ठिपके आता आकड्यांहून मंद दिसत होते, झीज तिथंच सगळ्यांत जास्त झालेली. मी फोन उचलला आणि लालकडं न्यायला बोट पुढं केलं. मग सेटिंग उघडून घड्याळ तेवढं दोन बोटं खाली सरकवलं. तिथला निळा अजून ताजा होता.